कलेवरे, किनाऱ्यावरील अनोळखी

समुद्राच्या लाटांनी किनाऱ्यावर आणून टाकलेल्या आणि सहजी ओळखू न येणाऱ्या मोठ्या प्राण्यांच्या मृत शरीरांचा वा शरीरावशेषांचा या नोंदीत विचार केला आहे. अशा कलेवराला डोके किंवा हाडे दिसत नसली, त्यावर केसांसारखे तंतू लोंबत असले किंवा त्याची मान लांब भासत असली, म्हणजे ते एखाद्या नामशेष झालेल्या अथवा विज्ञानाला अज्ञात असलेल्या राक्षसी प्राण्याचे असावे, असे तर्क लढविले जातात. टास्मानियाच्या पश्चिम किनाऱ्यावर १९६० मध्ये आढळलेल्या अशाच एका बेढब गोळ्याच्या संदर्भात आयव्हन सँडरसन या लेखकाने १९६२ मध्ये ‘ग्लॉब्स्टर’ हा शब्द वापरला आणि पुढे तो या प्रकारच्या सर्व कलेवरांसाठी रूढ झाला. ज्या गाजलेल्या कलेवरांचे अवशेष प्रयोगशाळेत तपासता आले, ती देवमाशांची (व्हेलची) किंवा मोठ्या मुशींची (शार्कची) निघाली आहेत. त्यांचे अनोळखीपण कुजण्याच्या क्रियेतून आलेले होते. तथापि एवढ्यावर विषय संपत नाही. कारण याच्या उलट प्रकारची चूक, म्हणजे खरोखर दुर्मिळ असलेले कलेवर नेहमीचे समजून पुरून टाकणे, ही अधिक नुकसानकारक असून ती सहसा कोणाच्या लक्षातही येत नाही.

प्राचीन उल्लेख : अरबी समुद्राच्या किनाऱ्यावरील प्रचंड कलेवरांचा परिचय फार जुना आहे. अलेक्झांडरचा नौकाधिपती निआर्कस हा इ. स. पू. ३२५ मध्ये सिंधूच्या मुखापासून मकरानच्या किनाऱ्याने इराणी आखाताकडे गेला. त्याच्या वृत्तांताच्या आधारे एरियनने दिलेल्या माहितीत देवमाशांच्या फवाऱ्यांनी खलाशी भयभीत झाल्याची हकीकत आहे. किनाऱ्यावर फेकल्या गेलेल्या देवमाशांचे मांस कुजून गळून पडे आणि उरलेल्या हाडांचा उपयोग तेथील मत्स्याहारी लोक घरांच्या तुळया व दरवाजे यांसाठी करीत, असेही त्याने सांगितले आहे. संस्कृत वाङ्मयात तिमी व त्याला गिळणारा तिमिंगिल यांचे उल्लेख येतात. त्यांतील पुष्कळसा भाग काल्पनिक असला, तरी काही वर्णनांमागे निरीक्षण दिसते. कालिदासाच्या रघुवंशाच्या तेराव्या सर्गात नदीमुखाशी तिमी डोक्यावरील छिद्रांतून पाणी उडवितात, असे वर्णन आहे. डोक्याच्या माथ्यावर छिद्र असणे हे माशाचे लक्षण नव्हे. ते देवमाशाच्या श्वसनरंध्राचे लक्षण आहे. किनाऱ्यावरील समाजांनी अशा कलेवरांकडे केवळ भयाने पाहिले असेही नाही. गुजरातमधील वलसाडजवळच्या मगोद डुंगरी येथे मत्स्यमातेच्या मंदिरात देवमाशाची हाडे पूजली जातात. व्हिएटनामच्या किनाऱ्यावरील कोळ्यांमध्येही देवमाशाची हाडे मंदिरात ठेवण्याची प्रथा आहे. मराठीतील ‘देवमासा’ हे नावही भीतीपेक्षा आदराकडे अधिक झुकणारे आहे.

कुजण्याची क्रिया : मृत्यूनंतर आतड्यांतील सूक्ष्मजंतूंची वाढ होऊन शरीरात वायू साठू लागतात व पोट फुगते. खालच्या बाजूने घड्या असलेल्या देवमाशांत गळ्याचा भागही फुग्यासारखा फुगतो व जीभ बाहेर येते. या अवस्थेत कलेवर उताणे तरंगते आणि पाहणाऱ्याला पोटाच्या घड्या पाठीवरील खवल्यांच्या रांगांसारख्या भासतात. त्वचेचा काळसर बाह्य थर लवकर सोलून निघतो, त्यामुळे मूळचा काळा वा करडा प्राणी पांढरट, गुलाबी किंवा पिवळसर दिसतो. समुद्रपक्षी व मुशी लचके तोडतात. जबडा सैल होऊन गळून पडतो, पाठोपाठ कवटी निखळते आणि अखेरीस मणकेही एकेक करून निसटतात. हाडे जड असल्यामुळे तळाशी जातात. उरतो तो त्वचेखालील ब्लबर नावाचा चरबीयुक्त जाड थर. या थरात कोलॅजेन या प्रथिनाच्या चिवट तंतूंचे जाळे असते. चरबी झिरपून गेली, तरी हे जाळे कित्येक आठवडे टिकते आणि लाटांच्या घासण्याने त्याच्या कडा विसविशीत होऊन पांढऱ्या लोकरीसारख्या दिसू लागतात. ‘केसाळ’ सागरी राक्षसाच्या बहुतेक वर्णनांचे मूळ या तंतूंत आहे. स्पर्म व्हेलच्या प्रचंड डोक्यातील ऊतक तर अखंड पिशवीसारखे सुटे होते. त्यास डोळा नसतो, तोंड नसते आणि एकही हाड नसते.

मुशींच्या बाबतीत कुजण्याचा क्रम वेगळा असतो व त्यामुळे फसवणूकही वेगळ्या प्रकारची होते. थंड समुद्रांत आढळणारी बास्किंग शार्क ही मोठा जबडा उघडा ठेवून पाण्यातील सूक्ष्म जीव गाळून खाते. तिचा जबडा व क्लोमचाप (कल्ल्यांना आधार देणाऱ्या कमानी) कवटीला सैलसर जोडलेले असल्यामुळे ते प्रथम गळून पडतात. मागे उरते ती लहानशी कवटी व तिला जोडलेला पाठीचा कणा; म्हणजे बारीक डोके आणि लांब मान. कणा शेपटीच्या केवळ वरच्या पाळीत गेलेला असल्याने खालची पाळी झडते व शेपटी सरळ, निमुळती दिसते. पक्षांची (परांची) त्वचा गेल्यावर आतील शृंगमय तंतू मोकळे होऊन आयाळीसारखे लोंबतात. नराच्या कटिपक्षांजवळील आलिंगके पायांची जोडी भासतात. अशा रीतीने एका मुशीपासून प्लेसिओसॉर या सु. ६.६ कोटी वर्षांपूर्वी नष्ट झालेल्या जलसरीसृपाशी मिळतीजुळती आकृती तयार होते. ज्या अवयवांवरून प्राणी ओळखायचा तेच आधी नाहीसे होतात, हे लक्षात घेतले म्हणजे अनुभवी कोळ्यांचीही फसगत का होते हे कळते.

नदीवाटे येणारी कलेवरे : किनाऱ्यावर मिळालेले प्रत्येक कलेवर समुद्रातीलच असते असे नाही. कोकणातील नद्या आखूड व वेगवान असून पावसाळ्यात घाटमाथ्याच्या पायथ्यापासून समुद्रापर्यंतचा प्रवास त्या अल्पावधीत करतात. महाड व पोलादपूर तालुक्यांतील पाणी वाहून नेणारी सावित्री नदी हे याचे चांगले उदाहरण होय. महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावणारी ही नदी पोलादपूर व महाडवरून जाऊन बाणकोटच्या खाडीने समुद्रास मिळते. समर्थ रामदासांच्या वास्तव्यामुळे प्रसिद्ध असलेल्या शिवथरच्या खोऱ्यातील ओढ्यांचे पाणीही अखेर तिलाच मिळते. शिवथर हे डोंगरांनी वेढलेले, समुद्राचे दर्शनही न होणारे स्थान. परंतु तेथील ओढ्याला पूर आला की त्यात सापडलेले झाड किंवा जनावर खाडीमुखाजवळच्या पुळणीवर जाऊन पडू शकते. जुलै २००५ व जुलै २०२१ मधील महापुरांत महाड शहर पाण्याखाली गेले, त्या वेळी या पाण्याच्या जोराची कल्पना सर्वांस आली. महाडजवळ सावित्रीच्या पात्रात मगरींचीही वस्ती असून पुराच्या वेळी त्या काठावर आल्याचे आढळते. खाडीच्या मुखाशी उत्तरेस हरिहरेश्वर, तर दक्षिणेस बाणकोट व वेळास ही स्थाने आहेत. वेळासचा किनारा सागरी कासवांच्या विणीसाठी प्रसिद्ध आहे. तेव्हा गाय, म्हैस, रानडुक्कर, मगर, कासव व डॉल्फिन या सर्वांची कलेवरे एकाच किनाऱ्यावर मिळण्याची शक्यता येथे असते.

पाण्यात राहिलेल्या सस्तन प्राण्याचे केस गळतात, कातडी फुगून गुळगुळीत होते, ओठ आक्रसून दात उघडे पडतात आणि नाकाचे उपास्थिमय टोक नष्ट झाल्याने मुस्कट चोचीसारखे दिसते. जुलै २००८ मध्ये अमेरिकेतील लाँग आयलंडवरील माँटॉक येथे मिळालेल्या अशा कलेवराने मोठी खळबळ उडविली. छायाचित्रातील दात व पुढच्या पायांची लांब बोटे यांवरून ते रॅकून या तिकडे सर्रास आढळणाऱ्या प्राण्याचे असल्याचे प्राणिशास्त्रज्ञांनी दाखवून दिले. रोज अंगणात येणारा प्राणी केस गेल्यावर ओळखू येऊ नये, ही गोष्ट या संबंध विषयावर प्रकाश टाकणारी आहे.

काही गाजलेली कलेवरे : स्कॉटलंडच्या उत्तरेकडील ऑर्कनी द्वीपसमूहातील स्ट्रॉन्से या बेटावर १८०८ मध्ये एक लांबलचक कलेवर वाहून आले. ज्यांनी ते पाहिले त्यांनी शपथेवर दिलेल्या साक्षींत लांब मान, आयाळ व पायांच्या तीन जोड्या यांचे वर्णन केले. मोजलेली लांबी ५५ फूट (सु. १७ मी.) होती. एडिंबरो येथील वर्नेरियन नॅचरल हिस्टरी सोसायटीत पॅट्रिक नील यांनी या प्राण्यास हॅल्सिड्रस असे नवे प्रजातिनाम देऊन टाकले. लंडनमध्ये एव्हरार्ड होम यांनी मात्र जतन केलेले मणके पाहून ती बास्किंग शार्क असल्याचा निर्णय दिला. आयाळ म्हणजे पक्षांतील तंतू, चार पाय म्हणजे पक्षांच्या दोन जोड्या व उरलेली जोडी म्हणजे नराची आलिंगके, अशी संगती लागते. बास्किंग शार्क एवढी लांब होत नाही, हा आक्षेप अजूनही घेतला जातो. पण कुजलेल्या, ताणलेल्या शरीराच्या मापापेक्षा मणक्यांची साक्ष अधिक विश्वसनीय मानणेच योग्य होय.

फ्लॉरिडातील सेंट ऑगस्टीन येथे नोव्हेंबर १८९६ मध्ये दोन मुलांना वाळूत रुतलेला प्रचंड गोळा दिसला. तेथील डॉक्टर डिविट वेब यांनी त्याची मापे घेतली, छायाचित्रे काढविली आणि तो घोड्यांच्या साहाय्याने वर ओढून घेतला. येल विद्यापीठातील ॲडिसन व्हेरिल यांनी केवळ पत्रे व छायाचित्रे यांच्या आधारे तो राक्षसी अष्टपाद असल्याचे मानून त्यास ऑक्टोपस जायगँटियस असे शास्त्रीय नावही दिले. पुढे वेब यांनी पाठविलेले ऊतक हाती येताच १८९७ मध्येच त्यांनी आपले मत मागे घेतले व ते देवमाशाचे असल्याचे जाहीर केले. एवढे होऊनही १९७० नंतरच्या काळात जतन केलेल्या तुकड्यांवरून अष्टपादाचा पक्ष पुन्हा मांडण्यात आला. वादाचा निर्णय लागला तो सिडनी पिअर्स व त्यांच्या सहकाऱ्यांच्या परीक्षणांमुळे. त्यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तंतूंची मांडणी पाहिली व ॲमिनो अम्लांचे प्रमाण तपासले. ते अष्टपादाच्या नव्हे, तर देवमाशाच्या कोलॅजेनाशी जुळले. चिलीमधील लॉस म्वेर्मोस येथे जुलै २००३ मध्ये मिळालेल्या सु. १२ मी. लांबीच्या गोळ्यातील डीएनए स्पर्म व्हेलच्या डीएनएशी तंतोतंत जुळला. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या याच अभ्यासात टास्मानिया व बर्म्यूडा येथील जुने नमुनेही तपासले गेले आणि तेही देवमाशांचेच ठरले. वेब यांनी एका शतकापूर्वी तुकडे कापून जपून ठेवले नसते, तर हा वाद कधीच मिटला नसता.

जपानी मासेमारी जहाज झुइयो मारू याच्या जाळ्यात २५ एप्रिल १९७७ रोजी न्यूझीलंडमधील क्राइस्टचर्चच्या पूर्वेस सु. १० मी. लांबीचे कुजलेले कलेवर आले. दुर्गंधीमुळे पकडलेली मासळी खराब होईल म्हणून ते समुद्रात टाकून देण्यात आले. मात्र त्यापूर्वी जहाजावरील एका कर्मचाऱ्याने छायाचित्रे घेतली व पक्षातील काही तंतू कापून ठेवले. जपानमध्ये प्लेसिओसॉर जिवंत असल्याच्या वार्तेने लोक वेडावून गेले. तंतूंच्या रासायनिक विश्लेषणात मात्र ते इलास्टॉइडीन या मुशींच्या पक्षांत असणाऱ्या प्रथिनाचे असून त्याचे घटक बास्किंग शार्कशी जुळतात, असे आढळले. छायाचित्रे जगभर पसरली. तंतूंच्या परीक्षणाचा अहवाल फार थोड्यांनी वाचला.

कोकण किनारा : महाराष्ट्राच्या सु. ७२० किमी. लांबीच्या किनाऱ्यावर देवमासे अधूनमधून लागतात. त्यांतील काही जिवंत असतात, काही समुद्रातच मरून वाहत आलेले असतात. रायगड जिल्ह्यात अलिबागच्या दक्षिणेस, कुंडलिका नदीच्या मुखाशी असलेल्या रेवदंडा येथे जून २०१५ मध्ये सु. १३ मी. (४२ फूट) लांबीचा देवमासा उथळ पाण्यात अडकला. तो निळा देवमासा असल्याची नोंद झाली. पूर्ण वाढलेला निळा देवमासा याहून पुष्कळच मोठा असल्याने हा प्राणी लहान वयाचा असला पाहिजे. त्याला समुद्रात परत लोटण्याचे प्रयत्न झाले, पण ते निष्फळ ठरले. एवढ्या वजनाचा प्राणी पाण्याबाहेर आला की त्याचे स्वतःचेच ओझे फुप्फुसांवर व स्नायूंवर पडते आणि जाड चरबीमुळे शरीरातील उष्णता बाहेर पडू शकत नाही. त्यामुळे असे प्रयत्न क्वचितच यशस्वी होतात. त्याच वर्षी सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुणकेश्वरजवळच्या समुद्रात संशोधकांना जिवंत निळे देवमासे दिसले होते. मुंबईच्या जुहू किनाऱ्यावर जानेवारी २०१६ च्या अखेरीस वाहून आलेला मृत देवमासा पाहण्यासाठी मोठी गर्दी लोटली. तो ब्रायडे जातीचा असल्याचे अभ्यासकांनी सांगितले. नोव्हेंबर २०२३ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील गणपतीपुळे येथे देवमाशाचे जिवंत पिल्लू वाळूत रुतले. अनेक तास त्यावर पाणी शिंपडून, पुढे नौकेच्या साहाय्याने त्यास खोल पाण्यात नेण्यात आले; परंतु ते जगले नाही.

किनाऱ्यावरील कलेवरांचा पावसाळ्याशी संबंध आहे. नैर्ऋत्येकडून वाहणारे वारे व लाटा कोकण किनाऱ्याच्या रोखाने येत असल्याने दूर समुद्रात तरंगणारे कलेवर या काळात किनाऱ्याकडे ढकलले जाते. पश्चिम किनाऱ्यावरील मुसळधार पाऊस, गढूळ पाणी व खवळलेला समुद्र यांमुळे ते लोकांच्या दृष्टीस पडेपर्यंत बरेच कुजलेले असते. प्राणी कशाने मेला याचा निर्णय मात्र क्वचितच लागतो. जहाजाची धडक, जाळ्यात गुरफटणे, रोग, आईपासून झालेली ताटातूट अशी अनेक कारणे संभवतात. ती ठरविण्यासाठी शवविच्छेदन ताजेपणीच व्हावे लागते.

ओळख : उत्तम साधन डीएनएचे असले, तरी किनाऱ्यावरच काही गोष्टी पाहता येतात. शेपटी शाबूत असेल, तर तिची पाती आडवी आहेत की उभी हे प्रथम पाहावे. आडवी असल्यास प्राणी देवमासा, डॉल्फिन किंवा समुद्रगाय; उभी असल्यास मासा वा मुशी. माथ्यावर श्वसनरंध्र एक असेल, तर तो दात असलेल्या देवमाशांच्या गटातील; दोन असतील, तर तालूपासून लोंबणाऱ्या शृंगमय पट्टिकांनी अन्न गाळणाऱ्या गटातील असतो. या पट्टिका किनाऱ्यावर सुट्याही मिळतात व झाडूच्या कुंच्यासारख्या दिसतात. ब्रायडे देवमाशाच्या वरच्या जबड्यावर तीन उभे कंगोरे असतात. जवळच्या इतर जातींत मधला एकच कंगोरा ठळक असतो. त्वचा गेल्यावर हे लक्षण हरवते. डोके नसेल, तर मणका हाच आधार. देवमाशाचा मणका सच्छिद्र हाडाचा असून त्यास लांब प्रवर्ध (पुढे आलेले भाग) असतात. तरुण प्राण्यात मणक्याच्या दोन्ही टोकांच्या चकत्या जुळलेल्या नसतात, त्यामुळे थाळीसारख्या या चकत्या वाळूत वेगळ्या सापडतात व लोक त्यांना भलतेच काही समजतात. मुशीचा मणका उपास्थीचा, दोन्ही बाजूंनी खोलगट व डमरूच्या आकाराचा असतो. देवमाशाच्या वल्ह्यासारख्या अग्रपादातील हाडे उघडी पडली की हाताचा पंजा व बोटे दिसतात आणि पाहणारा दचकतो. सस्तन प्राण्यांच्या समान वंशाची ती खूण होय. खालच्या जबड्याची कमानदार हाडे बरगड्या समजली जातात. त्यावरून प्राण्याच्या आकाराचा अंदाज केल्यास तो कित्येक पटींनी फुगतो.

विल्हेवाट : मोठे कलेवर किनाऱ्यावर राहू देणे शक्य नसते. दुर्गंधी, रोगजंतू व गर्दी यांमुळे ते लवकर हलवावे लागते आणि कोकणात बहुधा यांत्रिक फावड्याने खोल खड्डा काढून वाळूतच पुरतात. आत साठलेल्या वायूंमुळे कलेवर फुटण्याचा धोका असतो. तैवानमधील ताइनान शहरात जानेवारी २००४ मध्ये मालमोटारीवरून संशोधनासाठी नेला जात असलेला स्पर्म व्हेल भर रस्त्यात फुटला होता. अमेरिकेच्या ऑरेगन राज्यातील फ्लॉरेन्स येथे नोव्हेंबर १९७० मध्ये मृत देवमासा सुरुंगाने उडविण्याचा प्रयोग झाला. मांसाचे तुकडे दूरवर उडून एक मोटारगाडी चेपली गेली आणि कलेवराचा मोठा भाग जागच्या जागी राहिला. हा मार्ग पुढे अर्थातच कोणी अनुसरला नाही.

भारतात देवमासे, डॉल्फिन व व्हेल शार्क हे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली संरक्षित असून त्यांचे अवशेष जवळ बाळगणे हा गुन्हा आहे. तरीही देवमासा लागल्याची बातमी पसरली की ‘व्हेलची उलटी’ मिळेल या आशेने काही जण धावतात. या नावाने ओळखले जाणारे अंबर हे वस्तुतः उलटी नसून केवळ स्पर्म व्हेल व त्याच्या लहान आप्तांच्या आतड्यांत तयार होणारे घट्ट द्रव्य आहे, आणि स्पर्म व्हेलमध्येही ते फार थोड्या प्राण्यांत असते. कोकणात लागणाऱ्या ब्रायडे वा निळ्या देवमाशात ते सापडणे शक्यच नसते.

वैज्ञानिक महत्त्व : देवमाशांविषयीच्या ज्ञानाचा मोठा भाग किनाऱ्यावरील कलेवरांतून मिळालेला आहे. जुहूला लागलेल्या ब्रायडे देवमाशाचेच उदाहरण घेता येईल. ब्रह्मदेशात मार्तबानच्या आखाताला मिळणाऱ्या एका खाडीत १८७१ मध्ये एक देवमासा शिरून मरण पावला. त्याच्या हाडांवरून कलकत्त्याच्या इंडियन म्यूझियमचे जॉन अँडरसन यांनी वर्णन केले आणि तेथील मुख्य आयुक्त ॲश्ली ईडन यांच्या नावावरून त्यास बॅलिनॉप्टेरा ईडनाय हे शास्त्रीय नाव १८७९ मध्ये दिले. आज उष्ण समुद्रांतील हा परिचित देवमासा मानला जातो, पण त्याची पहिली ओळख खाडीत अडकलेल्या एका कलेवरातून झाली.

चोचीच्या देवमाशांची कथा अधिक बोलकी आहे. खोल समुद्रात राहणारे हे प्राणी जिवंत क्वचित दिसतात. हिंदी व पॅसिफिक महासागरांतील लाँगमनचा देवमासा ही जाती हेबर लाँगमन यांनी १९२६ मध्ये ऑस्ट्रेलियात मिळालेल्या एका कवटीवरून स्थापिली. दुसरी कवटी १९५५ मध्ये सोमालियाच्या किनाऱ्यावर मिळाली. पुढे कित्येक वर्षे या दोन कवट्यांपलीकडे या जातीचा निश्चित पुरावा नव्हता. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डीएनए परीक्षणाने इतरत्र मिळालेले आणखी काही नमुने याच जातीचे असल्याचे सिद्ध झाले. म्हणजे कलेवरे हाती आली होती, ओळख तेवढी राहिली होती. न्यूझीलंडमध्ये डिसेंबर २०१० मध्ये ओपापे येथे एक मादी व तिचे पिल्लू किनाऱ्यास लागून मेले. ती ग्रे देवमाशाची असल्याचे समजून पुरण्यात आली. नेहमीच्या रिवाजाप्रमाणे ऊतकाचे लहान तुकडे मात्र घेतले गेले होते. त्यांच्या परीक्षणात ती जगातील सर्वांत दुर्मिळ समजल्या जाणाऱ्या, तोवर केवळ काही हाडांवरून ठाऊक असलेल्या कुदळदंती देवमाशाची निघाली; हे २०१२ मध्ये जाहीर झाले. नंतर पुरलेले सांगाडे उकरून काढावे लागले. जुलै २०२४ मध्ये त्याच देशातील ओटागो प्रांतात नदीमुखाजवळ या जातीचा सु. ५ मी. लांबीचा नर मिळाला, तेव्हा तो त्वरित थंड साठवणीत ठेवण्यात आला आणि डिसेंबर २०२४ मध्ये या जातीचे पहिले संपूर्ण विच्छेदन झाले.

या दृष्टीने कोकणातील कलेवरांची नोंद अपुरी ठरते. कलेवर पुरण्याची घाई समजण्यासारखी आहे. परंतु पुरण्यापूर्वी घ्यावयाची माहिती अल्प वेळात घेता येते. मुखाग्रापासून शेपटीच्या मधल्या खाचेपर्यंतची सरळ लांबी, शेजारी माप ठेवून दोन्ही बाजूंनी, डोक्याची व पोटाची छायाचित्रे, तोंडातील दात वा पट्टिकांची नोंद आणि मद्यार्कात ठेवलेला नखाएवढा त्वचेचा तुकडा एवढे मिळाले, तरी जाती निश्चित होऊ शकते. मृत प्राणी दिसल्यास वन विभागास कळविणे आवश्यक असते. महाराष्ट्रात किनारी व सागरी जीवांच्या संरक्षणाचे काम २०१२ मध्ये स्थापन झालेल्या कांदळवन कक्षाकडेही आहे.

पुरणे ही सांगाडा मिळविण्याची जुनी रीतही आहे. वाळूतील जीवजंतू मांस खाऊन टाकतात व काही वर्षांनी हाडे स्वच्छ होऊन निघतात. अट एवढीच की जागेची नोंद ठेवलेली असावी आणि खड्डा भरतीच्या रेषेच्या वर असावा. आयर्लंडमधील वेक्सफर्ड येथे १८९१ मध्ये लागलेल्या निळ्या देवमाशाचा सांगाडा लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्यूझियमच्या मुख्य दालनात २०१७ पासून टांगलेला आहे. रत्नागिरी येथील सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्राच्या संग्रहालयात देवमाशाचा सांगाडा असून कोकणात येणाऱ्या प्रवाशांना तो पाहता येतो. कवटी, जबड्याच्या कमानी, अग्रपादातील बोटांची हाडे व शेपटीकडे लहान होत जाणारे मणके यांची जोडणी तेथे एकत्र दिसते. वाळूत सुटे पडलेले हाड कोणत्या जागचे, हे ओळखण्यास असा सांगाडा फार उपयोगी पडतो.